रेवाल चालीला चार

पोंकच्या गाड्या लागल्या की सुरतेत हिवाळा आला म्हणायचं; थंडी येवो अगर न येवो. कोवळ्या ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजतात, कापडात गुंडाळून झोडपतात आणि वाफाळते हिरवे दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर कागदावर येतात. माझ्या माहेरी, जळगावकडे, हाच हुरडा. तिकडे तो बांधावर बसून खातात, इकडे मोटारीत बसून. बाकी फरक नाही. त्या वासाने कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. मला मात्र हल्ली तो वास आला की आधी एक आकडा आठवतो आणि मग भूक लागते. भूक लागते, हेही खरं. मन खात असलं की अन्न गोड लागत नाही म्हणतात. माझ्या बाबतीत दोन्ही खाणी एकदम चालतात.

याच दिवसांत आमच्याकडे हौशी घोडेस्वारीच्या स्पर्धा असतात. वर्षाच्या इतर दिवसांत सुरतेच्या उकाड्यात काळा कोट घालून घोड्यावर बसणं माणसाला शक्य नाही आणि घोड्याला असह्य आहे. हिवाळ्यात मात्र शहराबाहेरच्या फार्महाउसांवर मंडप पडतात, खुर्च्यांना लग्नातल्यासारखे साटीनचे बो बांधले जातात, प्रमुख पाहुणे उशिरा येतात आणि त्यांना घोड्यापेक्षा मोठा गुच्छ देतात. मग ड्रेसाज सुरू होतं.

ड्रेसाज म्हणजे घोड्याची कवायत की घोड्याचं नृत्य, हे ज्याने त्याने ठरवावं. वाळूचं लांबट चौकोनी मैदान, कडेने पांढऱ्या फळ्या, त्यांवर इंग्रजी अक्षरं: ए, मग के, मग ई, मग एच, मग सी. हा क्रम असाच का, हे मला आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही. सांगता येत नाही म्हणूनच त्याला परंपरा म्हणत असावेत. स्वाराने आत यायचं, मधोमध थांबून पंचांना सलाम करायचा आणि मग ठरल्या अक्षरापाशी ठरलेली गोष्ट करायची. इथे साधी चाल, इथे दुडकी, इथे गोल फेरी. प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण. पंच टेबलामागे बसतो आणि शेजारी लेखनिक, कारण पंचाने घोड्यावरून नजर हटवायची नसते. पंच पुटपुटतो, लेखनिक लिहितो. लेखनिकाने बोलायचं नसतं, हसायचं नसतं आणि मत असलंच तर ते घरी ठेवून यायचं असतं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. घोड्यांशी नातं वडिलांमुळे. ते पोलिसांच्या घोडदळात होते. दसऱ्याला आमच्या घरी आधी घोड्याला ओवाळत, मग वडिलांना. सुरतेला आल्यावर त्या वासाच्या ओढीने, म्हणजे ओलं चामडं, घाम आणि गवत यांच्या ओढीने, मी एका क्लबात जाऊ लागले. माझं अक्षर चांगलं म्हणून मला लेखनिक केलं. अशी ही माझी अश्वविद्या.

लेखनिक म्हणून शेजारी बसलं की पंच आतून दिसतो. सैन्यातून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब आमच्याकडे बऱ्याचदा येत. ते दहापासून सुरुवात करत आणि खाली उतरत. घोडा मधोमध थांबला, पण मागचा एक पाय वीतभर मागे राहिला, की "पाच." एवढंच. घोड्याने त्यानंतर जमिनीवरून उडून दाखवलं असतं तरी त्यांनी त्याला उडण्याची रेषा वाकडी म्हणून साडेपाच दिले असते. दुसऱ्या क्लबात एक शेठ पंच म्हणून बसत. हिऱ्यांच्या धंद्यातले, प्रेमळ, खाण्याचे शौकीन. ते सातवर बसलेले असत. बहुतेक सगळ्यांना सात. एकदा एका पोराचा घोडा मैदान सोडून उंधियूच्या पातेल्याकडे गेला, तेव्हा शेठ फार हळहळले आणि म्हणाले, "साडा छ लखो, बेन. एनो वांक नथी." साडेसहा लिहा, त्याचा दोष नाही. दोष पातेल्याचा होता, हे मलाही मान्य होतं. शेठना दुपारी त्याच सगळ्या पोरांच्या आईबापांबरोबर जेवायला बसायचं असे; कर्नलसाहेब डबा आणत.

म्हणजे एकच घोडा, एकच स्वार, तीच कवायत. एका रविवारी पहिला, पुढच्या रविवारी शेवटून दुसरा. हे मी कॉलेजात सांगितलं तेव्हा माझे सहकारी हसले. मी म्हटलं, हसू नका, आपलंही असंच आहे. फक्त आपल्याकडे ग्रेस गुणांची सोय आहे. विद्यापीठाला दया ही गोष्ट नियमात बसवता आली. घोडेवाल्यांना ती अजून जमलेली नाही.

त्या हिवाळ्यात, दोन वर्षांपूर्वीच्या, हर्षदाने गोमतीला मैदानात आणलं.

हर्षदा सुरतेतल्याच गोडादऱ्याची. तिचे वडील भगवान आबा धुळ्याकडून लूमवर कामाला आले, मग लूम सोडून लग्नाच्या घोड्या ठेवू लागले. हर्षदा आमच्याच क्लबात लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. पंचविशीतली, काटक, जिभेला धार. गोमती तिची. काठेवाडी घोडी, कानांची टोकं एकमेकांना टेकतील अशी वळलेली, चारी पाय पांढरे. नवरदेव जन्माला यावेत ते वरातीत तिच्या पाठीवर बसायलाच, असं आबांचं मत.

पण गोमतीला वरात सोसेना झाली होती. डीजेच्या भिंती आल्यापासून ती थरथरायची. फटाक्यानंतर दोन-दोन दिवस चारा तोंडात धरून नुसती उभी राहायची. हर्षदाने क्लबच्या सेक्रेटरींकडे शब्द टाकला: गोमतीला शिकाऊ मुलांसाठी इथेच ठेवून घ्या. सेक्रेटरींनी अट घातली. दोन स्पर्धांत, दोन वेगळ्या पंचांकडून, साठ टक्के आणायचे. देशी घोडा आहे, पालक विचारतील, काहीतरी कागद हवा. म्हणजे एका घोडीची वरातीतून सुटका शेकड्यात मोजायची ठरली.

पहिली स्पर्धा शेठची. मी त्यांची लेखनिक. गोमती आत आली, थांबली, सलाम झाला, आणि दुडकीच्या अक्षरापाशी तिने दुडकीऐवजी रेवाल धरली.

रेवाल ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय, पुढचा डावा नि मागचा उजवा असे, जोडीने पडतात, टक्-टक्, टक्-टक्, आणि स्वार उडतो. रेवालीत चारी पाय एकामागून एक, जवळजवळ सरपटत पडतात. घोडा पळत असतो आणि पाठ मात्र तळ्यासारखी स्थिर. काठेवाड-मारवाडच्या घोड्यांना ही चाल जन्मत: असते, मग ती घोटून पक्की करतात. जत्रांतून हिच्या शर्यती लागतात. त्या दिवशी गोमती अशी गेली की हर्षदाच्या वेणीचं टोकही हललं नाही. शेठच्या तोंडातून "वाह" निघालं. "सात लखो. ना, साडा सात. लखो, बहु स्मूध." मी लिहिलं. पुस्तकाप्रमाणे ते चूक होतं, मला माहीत होतं. लेखनिकाने बोलायचं नसतं. गोमतीला साठाहून बरेच जास्त मिळाले. हर्षदाने घोडीच्या मानेत तोंड खुपसलं आणि आबांनी सगळ्या सईसांना पोंक खाऊ घातला.

दुसरी स्पर्धा कर्नलसाहेबांची. आदल्या दिवशी त्यांची पाठ धरली. फोनवर ते म्हणाले, "तुम्ही बसा. इतकी वर्षं ऐकताय, तुम्हाला येतं." मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: बढती मिळाल्यासारखं वाटलं. मी इस्त्रीची कोसा साडी नेसले. शेजारी लेखनिक म्हणून कॉलेजातली एक मुलगी बसवली आणि तिला सांगितलं, बोलायचं नाही.

गोमती आली. थांबली, चारी पाय चौकोनात; मी आठ दिले. साधी चाल, सात. मग दुडकी, आणि पुन्हा तीच रेवाल, तळ्यासारखी. हर्षदाने लगाम घेऊन तिला दुडकीत आणायचा प्रयत्न केला, घोडी दोन ढांगा उडाली, परत रेवालीत शिरली. माझ्या डोळ्यांपुढे शेठचे साडेसात होते आणि कानात कर्नलसाहेब. पुस्तक म्हणतं, दुडकी दोन ठोक्यांची असावी, नसेल तर ती अपुरी. अपुरी म्हणजे चार. मी म्हटलं, "चार." लेखनिक मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शेरा लिही: दुडकी शुद्ध नाही. जमिनीवर दांडे टाकून त्यावरून चालवावी." दुडकी त्या कवायतीत पुन्हा-पुन्हा येते आणि तिचे गुण दुप्पट धरतात. गोमती साठाच्या थोडी खाली राहिली.

त्या चारबद्दल आजही कुणी मला चूक म्हणू शकणार नाही. हीच तर पंचाईत आहे. चूक असती तर माफी मागून मोकळी झाले असते. बरोबर असल्याची माफी कशी मागायची, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही, आणि पुस्तकं मी बरीच वाचते. संध्याकाळी कर्नलसाहेबांचा फोन आला. "ऐकलं मी. बरोबर दिलेत. शाबास." त्या शाबासकीने मला रात्रभर बरं वाटलं. बरं वाटलं, हे आठवलं की आता वाईट वाटतं.

आबांनी मात्र मला काहीच बोल लावला नाही. उलट. महिन्याभराने मी गोडादऱ्याला त्यांच्याकडे गेले, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन, म्हणजे खरं तर तोंड दाखवायला. गोमतीच्या तबेल्यात, खंडोबाच्या तसबिरीशेजारी, माझी गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये मढवून लावलेली. चारसकट.

"आबा, हे कशाला?"

"काबरं? तुम्हीच लिखी दिधं ना, दांडा टाका म्हणीसन. डाक्टरनी चिठ्ठी जपतस का नहीं?"

बाहेर मोकळ्या जागेत मंडपाचे जुने बांबू अंतराअंतराने मांडलेले. हर्षदा गोमतीला त्यांवरून नेत होती. रेवाल धरली की खूर बांबूला लागायचा, घोडी दचकायची, पाय उचलायची. टक्-टक्. हर्षदा लगेच मान थोपटायची. पुन्हा फेरी. घोडीचे ते वळलेले कान मागेपुढे होत होते, वर्गात प्रश्न न समजलेल्या मुलासारखे.

मी म्हणायला हवं होतं, राहू दे. पण मी पंच होते आणि शेरा माझा होता. मी म्हटलं, "छान. पाठ सैल ठेव."

"मावशी, पुढल्या वर्षी सहा देशाल ना?" हर्षदा घोडीवरूनच ओरडली.

"सहाची दुडकी केलीस तर देईन."

"बघा हां आबा, मावशी बोलली. तुम्ही साक्षी."

वर्षभर त्यांनी ते केलं. आणि वर्षभर गोमती वरातीतही जात होती, कारण सुटका अजून व्हायची होती. हर्षदाच मला हसत-हसत सांगायची. मांडवाच्या तोंडाशी हौसेने घोडी पळवणारे नवरदेव आता साबुदाण्यासारखे उडतात. एकाचा साफा नाकावर आला आणि मुलीकडच्यांनी व्हिडिओ काढला. आबांना लोक म्हणू लागले, तुमची घोडी धक्के देते, दुसरी पाठवा. "चांगलं झालं," हर्षदा म्हणायची, "दुसरीला पाठवतो. गोमतीला तेवढाच आराम." पण एकदा ती म्हणाली, "मावशी, परवा मी तिला मोकळी सोडली. नुसती, लगाम नाही, काही नाही. म्हटलं धाव तुझ्या मनानं. तर ती दुडकीच पळाली." मग थोडा वेळ ती चाबकाच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत राहिली. मी विषय बदलला. मला वाटतं मी परीक्षांबद्दल बोलले.

त्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या क्लबात स्पर्धाच झाली नाही. सेक्रेटरी आणि खजिनदार यांचं आपसात काही बिनसलं होतं. घोडी आणखी एक वर्ष वरातीत गेली.

यंदा स्पर्धा झाली, आणि पुण्याहून एक नव्या पंचबाई आल्या. शिकलेल्या, शांत, घोड्याच्या पाठीकडे आणि तोंडाकडे आधी बघणाऱ्या. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, आपल्या घोड्यांची जन्माची चाल आपणच दोष कशी धरतो? परदेशातल्या घोड्यासाठी लिहिलेल्या मापाने काठेवाडी घोडा मोजायचा, म्हणजे इडलीला भाकरीच्या नियमाने नापास करणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माझे हात मला परके वाटले. ताबडतोब देशी घोड्यांचा वेगळा वर्ग ठरला, त्यात रेवालीला दुप्पट गुण. सेक्रेटरींनी उत्साहात जाहीर केलं, या वर्गात पहिला येईल तो घोडा क्लब ठेवून घेईल. "आणि पंच आपल्या स्थानिक मॅडम!"

नाही म्हणावं असं मनात आलं. मग वाटलं, मी नाही म्हटलं तर शेठ बसतील. आपल्याशिवाय न्याय होणार नाही, ही भावना माणसाला मंडपाकडे फार लवकर ओढते.

देशी वर्गात घोडे थोडेच होते. त्यात एक शेषरावांची मैना. शेषराव कोसाडला राहतात, मूळ परभणीकडचे, त्यांच्याही घोड्या वरातीला जातात. मैना साधी तांबडी, शेपटी विरळ, आत येऊन थांबायला सांगितलं तर गोल गोल फिरली. पण रेवालीचं अक्षर आलं आणि ती सुटली ती अशी, की मी खुर्चीतून पुढे झुकले. तीच चाल. तीच तळ्यासारखी पाठ. गोमतीची.

मग गोमती. चौकोनात उभी राहिली, पुतळ्यासारखी. साधी चाल सुंदर. आणि रेवालीच्या अक्षरापाशी तिने दोन ठोक्यांची, शुद्ध, उचलून धरलेली दुडकी केली. त्या मैदानात इतकी चांगली दुडकी मी पाहिली नव्हती. कर्नलसाहेबांनीसुद्धा सात दिले असते. माझ्या शेऱ्याचं अक्षर न् अक्षर पाळलेली दुडकी. हर्षदा समोर बघत होती, माझ्याकडे नाही. कोपऱ्यात आबा हात जोडून उभे.

साटीनच्या खुर्च्यांवरच्या मंडळींना चार ठोके आणि दोन ठोके यांतला फरक कळत नव्हता. पुण्याच्या बाई दुसऱ्या मैदानावर होत्या. लेखनिक माझ्याकडे बघत थांबली होती. या वर्गाच्या नियमाने गोमतीच्या त्या चालीला चारच गुण होते. पुन्हा चार, पुन्हा बरोबर.

"सात," मी म्हटलं.

मैनाला मी रेवालीला सहाच दिले होते, गोमती अजून यायची होती म्हणून. ते मागे जाऊन बदलता आले असते. बदलले नाहीत. बाकी मैनाचं थांबणं वाईटच होतं, त्यामुळे बेरीज अगदी सहज जुळली. खोटेपणाला एवढे कमी कष्ट पडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

निकालानंतर शेषराव आधी आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी वाकून नमस्कार केला. "मॅडम, सहा दिले की वो! आमाला वाटलं व्हतं हाकलूनच देतेत. कोटबी न्हाई आमच्याकडं." आणि खरोखर आनंदाने हसले. मी म्हटलं, घोडी फार गुणी आहे. ते म्हणाले, "उभं ऱ्हायला शिकवतो तिला. तुमी सांगा कसं ते." आता मी कुणाला काही सांगत नाही.

हर्षदा गोमतीचं खोगीर उतरवत होती. मी जवळ गेले. घोडीच्या अंगावरून वाफ निघत होती. अभिनंदन म्हणायचं होतं, ते म्हटलं.

तिने पट्टा सोडला, खोगीर कठड्यावर ठेवलं. "मावशी, मैनाची चाल पाहिली ना तुम्ही?"

"पाहिली."

"आणि हिची?"

"हिचीही."

तिने घोडीच्या कपाळावरचे केस सारखे केले. मग माझ्याशी ती कधी बोलत नसे त्या घरच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाली, "इतला हात ढिला व्हता, तर तवय का नहीं?"

तवय म्हणजे तेव्हा, दोन वर्षांपूर्वी. उत्तराची वाट तिने पाहिली नाही. गोमतीला घेऊन ती क्लबच्या तबेल्याकडे गेली, आतल्या, पंखे असलेल्या. मुलं आता गोमतीवर बसतात, उडतात, शिकतात. ती फटाके ऐकत नाही. चारा खाते. हर्षदा मला भेटते तेव्हा नीट बोलते, चहा विचारते. सगळं ठीक आहे. मी ते स्वत:ला पुन:पुन्हा सांगते, यावरून ते किती ठीक असेल याचा अंदाज यावा.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी रिक्षाने घरी येत होते. पर्वत पाटियाच्या नाक्यावर नेहमीसारखी कोंडी; साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, कुठल्याशा वरातीच्या दिव्यांची हातगाडी परत निघालेली. कोंडी सुटली तशी डाव्या बाजूने एक तांबडी घोडी पुढे निघाली. अंगावर अजून वरातीची झूल, कपाळावर मळलेला तुरा. पाठीवर शेषराव. एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने फोन कानाला, कुणाला तरी उद्याच्या वरातीचा पत्ता सांगत होते. मैना रस्त्यावर रेवाल चालत होती, टेम्पोंच्या मधून, डांबरावर, आणि त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. घर नंबर, गल्ली, पाण्याच्या टाकीजवळ, सगळं सरळ, अखंड.

ते पुढच्या चौकात दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते.

"नऊ," मी म्हटलं.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "क्या बोला, मॅडम?"

"कुछ नहीं. आगे से लेफ्ट लेना."